वाढप्याची मागणी

"हे दिल्लीचं नाही गा," असं म्हणून ते समोरचा कागद दोन बोटांनी माझ्याकडे सरकवायचे. त्या कागदावर कुणी गोदामासमोर स्पीडब्रेकर मागितलेला असायचा, कुणी तुंबलेल्या नालीचं गाऱ्हाणं मांडलेलं असायचं. आमच्या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेत बजेटच्या आधी केंद्र सरकारला निवेदन द्यायची पद्धत आहे. ते दिवस आले की आपली सगळी दुखणी आता दिल्लीच बरी करणार, असं सभासदांना वाटू लागतं. मी तिथला कारकून आणि ते मानद सचिव. कामठीला त्यांचे यंत्रमाग होते, पण निम्मा आठवडा शेअर ऑटोनं नागपूरला येऊन आमच्या ऑफिसातच बसलेले असत. सगळे त्यांना काका म्हणायचे.

टेबलावर तीन गठ्ठे असत : दिल्लीचा, मुंबईचा आणि महानगरपालिकेचा. काका मोठ्या ऐटीत कागदांची वाटणी करत आणि जीएसटीपाशी येऊन अडकत.

"हे कोणाचं?" ते मला विचारत.

"काका, दिल्ली-मुंबई दोघांचंही."

"मंग रडाचं कोणापाशी?"

तो कागद दोन्ही गठ्ठ्यांत जायचा. खरं सांगतो, इतकी वर्षं तिथं बसून मलाही ते अजून नीट कळलेलं नाही.

खरी गंमत मीटिंगला यायची. कापसाची सरकी काढणारे जिनिंगवाले म्हणत, बाहेरच्या कापसावर ड्युटी पाहिजेच. सूत वापरणारे म्हणत, ती काढा, सूत स्वस्त होऊ द्या. कापड विकणाऱ्यांना परदेशी कापड स्वस्त हवं आणि विणणाऱ्यांना ते महाग व्हायला हवं. सगळ्यांना विकास मात्र एकच हवा होता, विदर्भाचा. काका प्रत्येकाला मान डोलवत. एकदा कुणीतरी चिडून विचारलं, "काका, या संघटनेचं मत तरी काय आहे?"

"संघटनेले मत नसते गा," काका म्हणाले, "मेंबर असतात."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, सगळ्यांचं ऐकून घेता घेता ज्याचं स्वतःचं सांगायचं राहून जातं असा. काकांनी तर त्याचा नियमच करून टाकला होता. निवेदन जो लिहील, त्याच्या धंद्याची मागणी शेवटी. आणि लिहायचे नेहमी तेच. परदेशी कापडाच्या लोंढ्यापुढे त्यांचे माग एकेक करून बंद पडत होते. त्या कापडावरचं शुल्क वाढवा, एवढीच त्यांची मागणी. ते पक्कं दिल्लीचंच काम होतं, त्यात काही घोळ नव्हता. पण दिल्लीहून सुनावणीला येणारे साहेब प्रत्येक संघटनेला मोजकीच मिनिटं देत. काका खणखणीत आवाजात संत्र्याचं वाचत, कोळशाचं वाचत, हवाई मालवाहतुकीचं वाचत आणि शेवटच्या पानावर येईस्तोवर साहेब घड्याळ बघत म्हणत, "बाकी लिखित में दे दीजिए." काका हसून पान मिटत.

मी एकदा म्हटलंच, "काका, औंदा तरी तुमची मागणी वर घेऊ."

"वाढणाऱ्यानं पहिल्या पंगतीत बसाचं नसते गा."

"अन् शेवटच्या पंगतीले भाजी संपली तर?"

"तर वरणभात खाचा."

याला मोठं मन म्हणायचं की शुद्ध वेडेपणा, ते मला ठरवता येईना. राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत की करमायचंही नाही.

मग एका दुपारी कागद लावता लावता ते सहज म्हणाले, "माग गेले गा."

मला वाटलं, भाड्यानं दिले असतील. "कोणी घेतले?"

"भंगारवाल्यानं." आणि लगेच, "कोल्ड स्टोरेजचा कागद कुठी ठेवला?"

मी कोल्ड स्टोरेजचा कागद शोधू लागलो. त्यानंतर काका यायचे बंद झाले. धंदा नाही तर मेंबर कायचा, असा निरोप आला. कामठी सोडून ते नागपुरात हुडकेश्वरला लेकीकडे राहायला गेल्याचं नंतर कळलं.

पुढच्या सुनावणीच्या आधीची मीटिंग फार शांत झाली. अध्यक्ष म्हणाले, "यावेळी काकाची मागणी पहिली." कुणी भांडलं नाही. काटोलचे एक संत्रा व्यापारी आहेत. त्यांची मागणी दरवर्षी पहिली असायची. शेजारच्या देशानं संत्र्यावरचं आयात शुल्क इतकं वाढवलं होतं की माल तिकडे जाईना, बागाईतदार रोज बसनं येऊन त्यांच्या आडतीवर हताश बसून राहत. ते शुल्क कमी करायला दिल्लीनं त्या देशाशी बोलावं, ही त्यांची मागणी. तरीही तेच उठून म्हणाले, "माही खाली घ्या. काकाची वर घ्या." माझे डोळे भरून आले.

आणि काय सांगू, साहेबांनी ती मागणी मन लावून ऐकली! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी पेन काढलं. माग कुठं आहेत, कामगार किती, सूत कुठून येतं? अध्यक्ष चाचरत होते, आम्ही एकमेकांकडे बघत होतो. बाकीच्यांचे माग काकांच्याही आधी बंद पडले होते, आमच्यात मागवाला उरलाच कोण होता? त्या प्रश्नोत्तरांतच वेळ संपला. "बाकी लिखित में दे दीजिए."

तरी मी खुशीतच होतो. पेढ्यांचा पुडा घेतला आणि थेट हुडकेश्वर गाठलं. काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"काका, तुमची मागणी पहिली वाचली! साहेबानं लिहून घेतली!"

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "काहून?"

"तुमच्यासाठी."

"अन् संत्र्याचं?"

"ते... लेखी दिलं."

"काय केलं गा तुम्ही हे!" त्यांचा आवाज मी कधी असा चढलेला ऐकला नव्हता. "माग मेले माहे. त्याहिची झाडं जिती आहेत ना अजून! फळ झाडाले लागून आहे! लाव, काटोलले फोन लाव."

मी फोन लावून दिला. काका उभे राहिले. "भाऊ, माफ करा. माह्यापायी तुमचं राहून गेलं." पलीकडून काटोलवाले, आपणच काही वर्षं आधी सरकून त्यांना पहिली जागा का दिली नाही म्हणून काकांची माफी मागत होते. त्यांचा रडवेला आवाज मला फोनबाहेर ऐकू येत होता. दोघंही थांबेनात. मी पेढ्यांचा पुडा हातात धरून उभा होतो आणि तो उघडावा की परत न्यावा, हे मला कळत नव्हतं.