शेजारच्या घरात ठेवलेली सॅक

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी ठरवलं, पाठीवर एक सॅक टाकायची आणि एकटीनं व्हिएतनाम-लाओस फिरून यायचं. आमच्या गडमुडशिंगी गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. "एकटीच? आणि लगीन?" विचारणाऱ्या बायकांना मी सांगायची, "तिकडंच उरकून येते की." नेट कॅफेत बसून बसचे रस्ते, स्वस्तातल्या खोल्या शोधायची. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आई जाऊ नको म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. तेवढं एक 'जा' मला तिच्या तोंडून पाहिजे होतं.

निघायचा दिवस शनिवार आला. आई म्हणाली, "अमावस्या हाय. बुधवारीच प्रस्थान ठेवू." म्हणजे चांगल्या दिवशी सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, माणूस त्याच दिवशी निघालं असं धरतात. ते सामान मग परत घरात आणायचं नाही. मी कपाळाला हात लावला, पण सॅक शेजारच्या काकूंकडं ठेवून आले. काकूंनी ती माजघरात शेंगांच्या पोत्याला टेकवली.

त्या संध्याकाळी आईनं एकच ताट वाढलं. मी समोर बसले तर दचकली, मग दुसरं घेतलं. सकाळी माझी गादी गुंडाळून माळ्यावर गेली. "मी हितंच हाय की गं," म्हटलं, तर "व्हय, व्हय" म्हणाली, पण नजर माझ्या खांद्यावरनं मागं कुठंतरी. दारात कुणी विचारलं, "पोरगी कुठाय?" आई म्हणाली, "गेली की काल." मी मोरीत केस धूत होते. खरं सांगते, माझ्याच घरात माझ्या अंगावर काटा आला. रागही आला.

शुक्रवारी दुपारी आठवलं, पासपोर्टची झेरॉक्स राहिली आणि पासपोर्ट सॅकमध्ये. काकू रानात गेलेल्या, दार नुसतं लोटलेलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आत कुणीतरी बोलत होतं.

"जेवलीस का? ... बरं. थंडी हाय का तिथं? ... बरं, बरं."

फटीतनं पाहिलं. आई सॅकसमोर बसली होती. सॅकपुढं माझा फुलाफुलांचा कप, चहाच्या वाफा निघत होत्या. प्रत्येक प्रश्नानंतर ती उत्तर ऐकण्याइतकी थांबायची.

"एकटीला भ्या वाटतंय का गं?"

या वेळी ती थांबली ती थांबलीच. मला राहवेना. दाराबाहेरनंच म्हणाले, "वाटतंय."

आईनं मान वळवली नाही. सॅकचा पट्टा हातात धरला. "मलाबी वाटतंय," ती सॅकला म्हणाली. "पण आता निघालीयस न्हवं? मग जा. मागं बघू नगंस."

मला आत जाऊन तिच्या गळ्यात पडायचं होतं. पण ती वळली असती आणि मला ओळखलंच नसतं तर, या भीतीनं पाय उचलेना. दार तसंच ठेवून मी घरी आले. रात्री गादी माळ्यावरनं काढली नाही. पाहुणी आल्यासारखी सतरंजीवर झोपले.