विरघळलेलं तळं

वहिनीने दारातूनच पर्स सोफ्यावर फेकली. "उद्या बैठक आणि तळं अजून गायबच!"

वहिनी नगरपालिकेच्या नकाशा विभागात आहे. विमानातून काढलेले शहराचे फोटो तपासून त्यांवरून नकाशे बनवायचे, हे तिचं काम. या वेळच्या फोटोत आमच्या मागचं तळं नव्हतं. त्या जागी नुसता पांढरा डाग. उद्याच्या बैठकीत ती जागा मोकळी म्हणून बस डेपोला जाणार होती. त्या तळ्यावर बाबांच्या होड्या भाड्याने चालतात, आणि आमचं घर त्या होड्यांवर.

"काय गं, तुझ्या विमानाला तळं दिसत नाही?" बाबा आतून म्हणाले. "मग मी काय डांबरावर वल्ही मारतो?"

"बाबा, माझं डोकं आधीच फिरलंय."

तिने साहेबांना तोंडी सांगून पाहिलं होतं. साहेब हसले होते. "मॅडम, सासऱ्यांच्या होड्या आहेत तिथे, हो ना? मी बैठकीत फोटो दाखवणार, तुमचा शब्द नाही." फोटो काढणारी कंपनी म्हणे, फाइल ठीक आहे, तुमचा कॉम्प्युटर बघा.

मी नुकताच कॉम्प्युटर शिकून बाहेर पडलेलो. सल्ला द्यायला जीभ शिवशिवत होती. "वहिनी, फाइल खराब असेल. पुन्हा उतरवून घे."

"तिसऱ्यांदा उतरवलीय, शहाण्या!"

तिने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. बागेतली झाडं ठसठशीत होती, रस्ते धुवून धुवून विटलेल्या कापडासारखे, आणि तळं साफ गुल. ती एकदम थांबली. "खराब फाइल अशी निवडून निवडून खराब होते का रे?"

तिने पांढऱ्या डागावर क्लिक केलं. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचे आकडे असतात, प्रत्येक बँडचा, म्हणजे प्रकाशाच्या प्रत्येक पट्ट्याचा, एक. लाल, हिरवा, निळा, तिघांचेही आकडे जागेवर होते. म्हणजे तळं फाइलमध्ये होतंच! चौथा आकडा मात्र जवळजवळ शून्य. मग तिने मेटाडेटा उघडला, म्हणजे फाइलने स्वतःबद्दल दिलेली माहिती. तिथे चौथ्या बँडपुढे लिहिलं होतं: पारदर्शकता.

"अरे देवा! झाडं ठळक, पाणी गुल, ही कसली पारदर्शकता? हा तर इन्फ्रारेड आहे!" वहिनीने टेबलावर हात आपटला. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश पानं परत फेकतात आणि पाणी गिळून टाकतं. प्रोग्रॅमने मात्र त्या नोंदीवर विश्वास ठेवला आणि जिथे आकडा लहान, तिथलं चित्र पुसून टाकलं.

तिने नोंद बदलली. तळं आलं, गढूळ हिरवं, काठाला काड्यांसारख्या होड्या. बाबा चष्मा सावरत वाकले. "ती शेवटची बघ, रंग उडालेली. तीच आपली!"

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या छपाईच्या प्रोग्रॅमने चौथा बँड दिसताच त्याला पुन्हा पारदर्शकता मानलं. तळं परत गायब. वहिनीने नोंद पुन्हा तपासली, फाइल पुन्हा पाठवली. तेच. साहेब दारातून ओरडले, "मॅडम, लोक बसलेत!" शेवटी तिने चौथा बँडच कापून टाकला. नकाशावर तळं छापून आलं आणि डेपो दुसरीकडे गेला.

संध्याकाळी बाबा काठावर खुशीत होते. वहिनीचं तोंड मात्र एवढंसं.

"तळं वाचलं ना? मग आता काय?"

"बाबा, पाणी सगळ्यात नेमकं ओळखणारा बँड होता तो. तळं कुठवर आटलंय, कुठे गाळ साचलाय, सगळं शोधता आलं असतं. तोच फेकून दिला मी. साहेब म्हणतात, आता सगळ्या शहराच्या फाइली अशाच कापून द्या. सोपं पडतं म्हणे!"

बाबांनी रंग उडालेल्या होडीचा दोर सोडला. "बस यात. मधोमध नेतो. तिथे साहेबाला हव्या तेवढ्या शिव्या घाल."

वहिनी बसली. काठावरून मला शब्द कळत नव्हते, पण बराच वेळ ऐकू येत होतं.