ज्याचं त्याला वाचता यावं

छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण चारचौघांत सांगावेत असे किस्से जमले ते निवृत्तीनंतर. सीमाभागातल्या आमच्या शहापुरात एका वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी मी म्हाताऱ्या माणसांना मोबाईल शिकवतो. जिन्यापाशी पाटी आहे, 'ज्येष्ठांसाठी डिजिटल साक्षरता वर्ग'. नाव मीच दिलंय. दर रविवारी कुणी ना कुणी काहीतरी करून ठेवतं आणि दुपारी जेवताना मी ते घरी सांगतो. बायको म्हणते, "लिहून ठेवा, विसराल!" म्हणून हे लिहितोय. यातला शेवटचा किस्सा मात्र मी अजून तिलाही सांगितलेला नाही.

*

पहिल्याच रविवारी टिळकवाडीचे एक वकीलसाहेब आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मराठी, इंग्रजी तर झालंच, जुनी मोडीची खतंसुद्धा झरझर वाचणारा माणूस. शेजारी बसले होते बेळगुंदीचे परशराम आप्पा. भाताची शेती, शाळा चौथीत सुटलेली.

मी म्हटलं, "एक फोटो काढा आणि शेजाऱ्याला पाठवा."

वकीलसाहेबांनी काढला तो छतावरच्या पंख्याचा, आणि पाठवला तो थेट त्यांच्या व्याह्यांना! दोन मिनिटांत व्याह्यांचं उत्तर आलं, "छान आहे. नवीन घेतला का?"

साहेब घामाघूम. आप्पांनी हळूच त्यांच्या हातातून फोन घेतला. म्हणाले, "द्या हिकडं साहेब. कोर्टात तुम्ही माझा कागद वाचून दाखवलासा. हितं मी दाखवतो."

सगळा वर्ग हसला. साहेबही हसले, पण पुढच्या रविवारी खिशाला पेनं नव्हती.

*

वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो, कशासाठी शिकायचंय? कुणी म्हणतं नातवाला बघायला, कुणी म्हणतं भजनं ऐकायला. शांताक्का मात्र वेगळं बोलली. शहापुरातच राहते, सारं आयुष्य मागावर साड्या विणण्यात गेलं. सातवीपर्यंत शिकलेली, मराठी वाचते चांगलं.

"दवाखान्याचा रिपोर्ट माझ्या फोनवर येतोय गुरुजी. इंग्लिशमधी असतोय. म्हेश वाचून सांगतोय. माझं मला वाचायचंय."

महेश तिचा मुलगा. एकुलता एक. काखेत गाठ आली म्हणून तोच तिला दवाखान्यात नेत होता.

मी विचारलं, "काय सांगतो महेश?"

"सगळं नॉर्मल हाय म्हणतोय."

"मग झालं की!"

आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं एक वाक्य सांगाय त्याला पाच मिन्टं लागत्यात हो."

*

आमच्या वर्गाचा एक ग्रुप आहे. एका सकाळी वकीलसाहेबांनी त्यावर फोटो टाकला. त्यांचे एक जुने पक्षकार, तेही आमच्याच वर्गातले. फोटोला हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. लगेच वीस जणांनी हात जोडले. मीही जोडले, खोटं कशाला बोलू!

अर्ध्या तासानं खुद्द त्या गृहस्थांचाच मेसेज आला, "साहेब, मी अजून हाय. संध्याकाळी घरी येतो, खात्री करून घ्या."

कुणा टवाळखोरानं तो फोटो बनवून सोडला होता. साहेब फार खजील झाले. रविवारी वर्गात उभे राहून म्हणाले, "चाळीस वर्षं सही-शिक्का बघितल्याशिवाय मी एक कागद खरा मानला नाही. फोनवर आला म्हणून हा कसा मानला, माझं मलाच कळत नाही."

त्या दिवशी मी वर्गाला मोठ्या ऐटीत सांगितलं, "कुणी वाचून दाखवलं म्हणून खरं मानू नका. आपण स्वतः तपासा." शांताक्का पहिल्या रांगेत बसून ऐकत होती.

*

त्याच आठवड्यात महेश माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "सर, आईला ते रिपोर्टचं तेवढं शिकवू नका."

गाठ साधी नव्हती. कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन होईपर्यंत आईला कळू द्यायचं नाही, असं त्यानं एकट्यानंच ठरवलं होतं.

"बाबा गेले तवा ती दोन म्हैने जेवली न्हाय सर. आता कळलं तर ऑपरेशनच्या आधीच खचंल. नंतर मीच सांगतो. पाया पडतो तुमच्या."

मला राग आला होता. ज्याचा आजार त्यालाच कळू द्यायचा नाही हा कुठला न्याय, असं म्हणणार होतो. पण तो पोरगा उभ्या उभ्या रडायला लागला. मी "बरं" म्हणालो.

रविवारी वर्ग सुटल्यावर शांताक्कानं फोन माझ्यापुढं धरला. तीन पानांचा रिपोर्ट. "गुरुजी, तुम्ही वाचा बघू."

मी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. मग म्हणालो, "सगळं ठीक आहे, आक्का."

"व्हय?"

"व्हय."

तिनं फोन पिशवीत टाकला आणि जिना उतरून गेली. छत्तीस वर्षांत मुलांपुढं वाचताना मी एक शब्द कधी गाळला नव्हता. त्या दिवशी तीन पानं गाळली.

*

आता हा आप्पांचा. आमच्याकडं बाजारात, बसमध्ये कन्नड सगळेच बोलतात. पण मराठी शाळेत शिकलेल्या जुन्या माणसांना ते वाचता येत नाही. आप्पांच्या फोनवर तीन आठवडे एक कन्नड कागदाचा फोटो पडून होता. लांबलचक मजकूर, वर कसलंतरी चिन्ह. सरकारी नोटीस असेल, जमिनीवर काही आलं असेल, या धास्तीनं त्यांनी तो कुणालाच दाखवला नव्हता.

कोर्टामुळं कन्नड वाचता येणारे वकीलसाहेब त्या दिवशी आले नव्हते. मी म्हटलं, "थांबा आप्पा, फोनच वाचून दाखवेल." कागदाचा फोटो दिला की अक्षरं मोठ्यानं वाचायची सोय फोनमध्ये असते, ती मी सगळ्यांना दाखवली. एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत करून कसं ऐकायचं तेही दाखवलं. फोन कन्नडमध्ये बोलायला लागला आणि आख्ख्या वर्गाला ते कळायला लागलं!

नोटीस कसली? बैलहोंगलच्या बसप्पाच्या नातीची लग्नपत्रिका होती. बसप्पा म्हणजे आप्पांचा बैलबाजारातला तीस वर्षांचा दोस्त. लग्न होऊन दहा दिवस झाले होते.

आप्पांनी फोन उचलून पत्रिका पुन्हा बघितली. मग म्हणाले, "त्यो मला लग्नाला बलवत हुता, आन् मी भिऊन फोन पालथा ठिवत हुतो."

मीच तिथून त्यांना बसप्पाला फोन लावून दिला. पलीकडून आधी भरपूर शिव्या आल्या, मग दोघेही हसले. मला बरं वाटलं. त्या नादात पहिल्या रांगेत कोण बसलंय याचं भान मला राहिलं नाही.

*

पुढच्या रविवारी शांताक्का वर्गाच्या अर्धा तास आधी आली. माडीवर आम्ही दोघंच होतो. ती समोर बसली, फोन काढला, बाकावर ठेवला आणि बोट दाबलं.

फोन तिचा रिपोर्ट मराठीत वाचू लागला. तयारी न केलेलं पोर धडा वाचतं तसा, कुठंही थांबत, कुठंही जोर देत. पण काही गाळत नव्हता. कॅन्सर हा शब्दही त्यानं बाकीच्या शब्दांसारखाच वाचला. तीनही पानं संपेपर्यंत आक्का माझ्याकडं बघत होती. मी खाली बघत होतो.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"सोमवारीच. चारदा ऐकलं."

"आक्का, महेश म्हणाला म्हणून मी..."

"म्हेशचं मला काय वाटलं न्हाय," ती म्हणाली. "त्यो लेकरू हाय. तुम्ही गुरुजी हाईसा."

मला लाज वाटली, अजून वाटते.

तिनं फोन उचलला आणि लिहायला घेतलं. अक्षरं शोधत, चुकलेलं खोडत, एका बोटानं. मी हात पुढं केला, "द्या, मी लिहून देतो." तिनं फोन छातीशी धरला.

"न्हाय. तुम्ही नुसतं बसा."

खाली लोक जमायला लागले होते, जिन्यावर वकीलसाहेबांचा आवाज येत होता. तिनं एकदा सगळं मनाशी वाचून बघितलं, पाठवलं, आणि मग फोन माझ्या हातात दिला.

"आता वाचा गुरुजी. मोठ्यानं. लिवलंय तेवढंच वाचा."

मी चष्मा पुसला आणि वाचलं.

"महेश, मी रिपोर्ट वाचला. फुडच्या खेपेला आपण दोघं मिळून वाचू."