मंदाताईची गिरकी

मंदाताईने आम्हाला स्केटिंग शिकवलं ते स्वतः चपला घालून. चाकं आमच्या पायांत आणि ती आपली वर्तुळाच्या मधोमध उभी, हातात जाळ्याची दोरी. त्याच दोरीने मापून तिने चुन्याचं ते वर्तुळ आखलेलं असायचं. पहिल्या दिवशी आमच्या तोंडवली गावातल्या बायकांना वाटलं, मुंबईहून आलेल्या ह्या बाईने भर ओट्यावर कसलातरी उताराच मांडलाय!

नव्व्याण्णव साल असेल. ताई आपल्या आजारी आईला सांभाळायला गावी परतली ती चार जोड जुनी स्केट्स घेऊन. चाकांच्या बुटांवर नाच, उड्या, गिरक्या. मुंबईत असताना ती मोठमोठ्या स्पर्धांत उतरायची. शेवटच्या स्पर्धेत सगळ्यांदेखत गिरकीतून पडली, गुडघा गेला. तो बरा झाला, पण तिने पुन्हा बूट चढवले नाहीत. हे तिने मला एकदाच सांगितलं, बांगडे साफ करता करता.

गावात गुळगुळीत जागा एकच, आमचा मासळी सुकवायचा सिमेंटचा ओटा. उन्हं कलली की आम्ही पोरं वाळलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, गोळा करायचो, खवले झाडायचो, मग क्लास. मी मान खाली घातली की ती ओरडायची, "सुले, पायांकडे बघू नको गो! ते खंय पळान जावचे नाय." आणि कुणी आपटलं की, "पडलंस तर पड, पण रडत बसान जागा अडवू नको."

मला मात्र एकच ध्यास. ताईला फिरताना बघायचं. दोन वर्षं मी तिच्यामागे भुणभुण लावली. शेवटी वैतागून म्हणाली, "बरा बाये, शिगम्याक फिरान दाखवतंय. आता तरी गप!"

मला आभाळ ठेंगणं झालं. शिमग्याच्या आदल्या दिवशी तिचे बूट मी मागून घेतले, पुसले आणि चाकांना तेल घातलं. कुठलं? बाबा होडीच्या लाकडाला लावायचे ते मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं. होडीला चालतं ते चाकांना का नाही, असं माझं शहाणपण! वर बूट वाळवायला ठेवले ते वाळूत.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी ओट्याभोवती जमली. ताईने बूट चढवले, उभी राहिली, आणि चाकं जागची हलेनात. तिने बूट काढून नाकाशी धरला.

"सुले, ह्या कसला तेल घातलंस?"

"मोरीचा. बाबा होडयेक लावतत ता."

आता थोबाडीत बसणार म्हणून मी गालावर हात धरूनच उभी होते. पण ताई हसली, अगदी मोकळं हसली. "जाव दे," म्हणाली आणि चपला घालून घरी गेली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही आणि मलाही तोंड नव्हतं. मी होडीआड बसून पोटभर रडले.

पुढे मी फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेले. आज तिथे मुलांना स्केटिंग शिकवते, तिच्याच शब्दांत ओरडते. पण दहा वर्षं ते तेल माझ्या मनावरून उतरलं नाही. ताईने अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा धावत गेले आणि आधी तेच बोलले. "ताई, माझ्यामुळे तुझं फिरणं राहिलं गो."

"खुळी काय?" तिचा आवाज पार खोल गेला होता. "रॉकेलात धुतलंय तशी चाकां दुसऱ्याच दिवशी फिराक लागली. धीर माझोच झालो नाय. तुझ्या तेलान वाचयला माका."

मला रागच आला खरं तर. म्हटलं, "पण माका बघूचा होता!"

तिने हाताची दोन बोटं चादरीवर उभी केली. बोटं घसरत निघाली, एक मोठं वर्तुळ झालं, मग दुसरं. एक छोटी उडी. मग एका बोटावर गिरकी. मधेच बोट थरथरलं, थांबलं. बोट पुन्हा फिरलं, गिरकी पुरी झाली, आणि दोन्ही बोटं वाकून मला नमस्कार करून थांबली.

"बघितलंस?" ताईने विचारलं.

ती गेली त्याच आठवड्यात. मी बघितलं, ताई. पण ओट्यावर बघायचं होतं गो.