फक्त उजवीकडे वळणाऱ्या वन्सं

नणंदेबद्दल बोलायला तोंड उघडलं की समोरचा खुर्ची पुढे ओढून बसतो. भावजय म्हणजे कागाळी करणारच! करणार आहे. मी तोंडाची फटकळ आहे आणि वन्सं आहेतच तशा. पण त्या रविवारी मी या बाईच्या मागे बसून इतकी हसले की दोन दिवस बरगड्या दुखत होत्या, हेही सांगणार आहे.

वन्सं अठ्ठावन्न वर्षांच्या, आमच्या यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. पाइपांचे जोड बनवणाऱ्या कारखान्यात त्या लेथवर काम करतात, म्हणजे टर्नर आहेत. अडतीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी तिथल्या पुरुषांनी पैज लावली होती की पोरगी आठवड्यात पळून जाणार. पैज लावणारे सगळे निवृत्त होऊन घरी बसले आणि वन्सं अजून लेथपाशी उभ्या आहेत. मिलीमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी तुकडा परत फेकतात, म्हणून कारखान्यात त्यांना 'काटा' म्हणतात. घरीही तेच. दोरीवरचे चिमटे सारख्या अंतरावर हवेत. एकदा मी साबणाची वडी एकाच बाजूने झिजवली म्हणून माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. साबणावरून! मी म्हटलं, धरा, तेवढीच शांतता.

पण लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझी अंगठी सैल होत होती. कुणाला सांगायची सोय नव्हती. वन्संनी खिशातून मापाचा चिमटा काढला, माझं बोट मोजलं आणि दुसऱ्या दिवशी अंगठीच्या आत पितळेची बारीक कडी बसवून आणली. एकवीस वर्षं झाली, अंगठी जागची हललेली नाही. त्यामुळे मी त्यांना काहीही बोलते, पण दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही.

त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं ते गाडीपायी. बघायला आलेल्या मुलाने विचारलं, "ही मोटरसायकल कोण चालवतं?" वन्सं म्हणाल्या, "मी. तुम्ही मागे बसा." तो चहा अर्धा टाकून गेला. वन्संनी कपातला उरलेला चहा पिऊन टाकला म्हणे.

गाडी माझ्या सासऱ्यांची. जाड, काळी, पोटात खोकला झाल्यासारखी चालणारी. पुढच्या चाकावर स्प्रिंग होती, पण नावाला. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा सरळ मनगटात यायचा. टाकीची डावी बाजू सुजलेल्या गालासारखी फुगलेली, कारण वीस वर्षांपूर्वी वन्सं यांना मागे बसवून घसरल्या होत्या आणि पत्रेवाल्याने पोचा काढता काढता टाकी बाहेरच्या बाजूला फुगवून ठेवली. गाडीने तेवढ्यात निभावलं. आमच्या यांच्या मनातली भीती मात्र कुठल्याही पत्रेवाल्याला काढता आली नाही.

मध्यंतरी माझ्या लक्षात आलं की या गाडीवरून कामाहून आल्यावर वन्सं कप हातात घेत नाहीत. टेबलावर ठेवायला सांगतात आणि अर्ध्या तासाने थंड चहा पितात. एकदा मी मुद्दाम कपबशी हातातच दिली. बशीवर कप नुसता वाजायला लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

"कुणाला बोलू नकोस, वहिनी."

"नाही बोलणार," मी म्हटलं आणि त्याच संध्याकाळी सगळं यांच्या कानावर घातलं. हो, केली चुगली! टर्नर बाईचे हात गेले तर मागे काय राहिलं?

डॉक्टरांनी मनगटं दाबून बघितली आणि सांगितलं, "हे हादरे बंद करा. नाहीतर वर्षभरात हातात हत्यार धरता येणार नाही." यांना तेवढंच हवं होतं. आठ दिवसांत गिऱ्हाईक शोधलं. एक हॉटेलवाला. त्याला गाडी चालवायची नव्हती, दारातल्या काचेपाशी उभी करून वर दिवा लावायचा होता.

"बाबांच्या गाडीवर दिवा?" वन्सं एवढंच म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या.

दोन दिवस त्या लवकर निघायच्या आणि उशिरा यायच्या. तिसऱ्या दिवशी वन्सं हातगाडी ढकलत आल्या. हातगाडीत एका नव्या मोटरसायकलचा पुढचा भाग होता, भंगारवाल्याकडून आणलेला. गाडी मागून चेपली होती, पुढचं सगळं शाबूत. हादरे झेलणारे दोन चकचकीत शॉकअप, चाक, डिस्क ब्रेक.

"हादरे बंद करा म्हणाले ना डॉक्टर?" त्या म्हणाल्या. "गाडी बंद करा असं कुठे म्हणाले?"

आमचे हे डोक्याला हात लावून बसले. शेवटी बहीण-भावाचं ठरलं. तीन आठवड्यांनी, रविवारी, हॉटेलवाल्याचा टेम्पो येईल आणि अकराला निघेल. त्याआधी वन्संनी दगडी रस्त्यावरून पुलापर्यंत जाऊन यायचं. मागे मी, माझ्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. परत आल्यावर अर्धा पेला उरला तर गाडी घरात, नाहीतर टेम्पोत.

"मला कुणी विचारलं का?" मी म्हटलं. कुणीच विचारलं नव्हतं.

मग काय, तीन आठवडे आमच्या अंगणाचा कारखाना झाला! शॉकअपच्या दोन नळ्यांना धरून ठेवणारा जो तुकडा असतो, त्याला मेकॅनिक 'टी' म्हणतात. त्या टीच्या मधला दांडा गाडीच्या मानेत बसतो आणि त्यावर हँडल फिरतं. नव्या टीचा दांडा जुन्या मानेला बारीक पडत होता. वन्संनी जेवणाच्या सुट्ट्यांमध्ये कारखान्यात उभं राहून नवा दांडा कातला, जुन्या बेअरिंगना बरोबर बसणारा. बसवला त्या दिवशी मला हाक मारली. "वहिनी, एका बोटाने फिरव." मी फिरवलं. लोण्यात बोट फिरवावं तसं ते फिरलं. मला उगाचच हसू आलं, त्यांनाही आलं.

मग राहिल्या अडण्या. हँडल फार फिरलं तर शॉकअप टाकीवर आपटतो, म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी अडणी लावतात. वन्संनी उजव्या बाजूचं माप घेतलं, अडणी करून बसवली आणि डावीकडेही तशीच बसवली. मग टाकी काढून, कापडात गुंडाळून माझ्या पलंगाखाली ठेवली.

मी म्हटलं, "डावीकडे मोजलंत का?"

"वहिनी, अडतीस वर्षं गोल वस्तू कातते आहे. गोल वस्तूला डावं-उजवं नसतं. एका बाजूला मोजलं की झालं."

मी गप्प बसले. आयुष्यात फार कमी वेळा बसले असेन, त्यातली ही एक.

रविवारी हॉटेलवाला अर्धा तास आधीच टपकला. पांढरे बूट, हातात मोजपट्टी. वन्संनी घाईघाईने टाकी बसवली, किक मारली, मी पेला घेऊन मागे चढले. यांनी स्वतः पेला भरला. काठोकाठ म्हणजे अगदी काठोकाठ, कंजूष माणसाने दुसऱ्याचं पाणी भरावं तसा.

अंगणातून सरळ, मग दोनदा उजवीकडे, मग दगडी रस्ता. मी डोळे मिटले होते. या रस्त्यावरून रिक्षाने गेलं तरी दात वाजतात. थोड्या वेळाने डोळे उघडले तर पेल्यातलं पाणी नुसतं डुलत होतं. दगड खालून जात होते, कळत होते, पण वर येत नव्हते.

"वन्सं! अहो, सांडत नाहीये!"

"हलू नकोस!"

"मी कुठे हलतेय, गाडीच हलत नाहीये!"

पुलापाशी मोठं वर्तुळ आहे. तिथून उजवीकडून वळसा घालून आम्ही रुबाबात परत फिरलो. आता न्हाव्याच्या दुकानापाशी डावं वळण घेतलं की घराचा रस्ता. वन्संनी वेग कमी केला, हँडल डावीकडे वळवलं आणि ते दोन बोटं वळून थांबलं. शॉकअप टाकीच्या सुजलेल्या गालाला टेकला होता. गाडी वळायच्या ऐवजी तिरकी तिरकी जात न्हाव्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत एक गिऱ्हाईक तोंडभर फेस लावून बसलं होतं.

न्हाव्याने वस्तरा वर धरला. "दाढी की केस?"

वन्संनी वाकून डावीकडे बघितलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. त्यांच्या मानेवर लाली चढली.

"वहिनी."

"बोला."

"गाडी डावीकडे वळत नाही."

"गोल वस्तूला डावं-उजवं नसतं ना?"

"तोंड बंद कर आणि पेला सांभाळ. किती वाजले?"

न्हावी म्हणाला, "अकराला वीस कमी."

वन्संनी क्षणभर विचार केला. लेथपाशी करतात तसा, ओठ मुडपून. मग म्हणाल्या, "सरळ जायचं, तीनदा उजवीकडे वळायचं. आपण पुन्हा इथेच येऊ, पण तोंड घराकडे असेल."

पायाने ढकलत गाडी मागे घेतली आणि निघालो. उजवीकडे, कापडाच्या दुकानांवरून. उजवीकडे, शाळेच्या मागून. उजवीकडे, दगडी गल्ली. आणि समोर पुन्हा न्हावी! आता तो दारात उभा होता आणि त्याच्या शेजारी ते गिऱ्हाईक, एक गाल गुळगुळीत, दुसरा फेसाळ.

"एक बाजू झाली!" न्हावी ओरडला. "तुमची?"

"आमची एकच आहे!" वन्सं ओरडल्या.

मला हसू फुटलं. दाबलं. पेल्यातून एक थेंब त्यांच्या मानेवर पडला.

"वहिनी!"

"नाही हसत, नाही हसत."

पण घराच्या आधी अजून एक डावं वळण होतं, चष्मेवाल्याचं. म्हणजे पुन्हा तीन उजवी. तिथली मधली गल्ली बंद निघाली, म्हणून आणखी पुढून वळसा. त्यात आम्ही कशा कोण जाणे, तिसऱ्यांदा न्हाव्यासमोर उगवलो. गिऱ्हाईक पूर्ण दाढी होऊन फुटपाथवर उभं होतं, गळ्यातला टॉवेल हातात घेऊन त्याने आम्हाला सलाम ठोकला. न्हावी रस्त्यात येऊन उजवीकडे हात दाखवत होता, जसं काही आम्हाला दुसरीकडे जाता येणार होतं!

मग मात्र बांध फुटला. मी हसले ते पोट धरून. म्हणजे एका हाताने पोट, दुसऱ्या हातात पेला. पाणी भसकन वन्संच्या पाठीवर. त्या किंचाळल्या, मग त्याही हसायला लागल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई हँडल धरून खिंकाळत होती, "वहिनी, थांब गं, मला रस्ता दिसत नाहीये!" चार दगडी गल्ल्या खाऊनही पेल्यातून जेवढं सांडलं नव्हतं, तेवढं आमच्या हसण्याने सांडलं. शेवटच्या उजव्या वळणावर मी पेल्यात बघितलं. तळाला एक घोट.

तेव्हा माझं हसू गपकन थांबलं. ही बाई जिंकली होती आणि मी तिला हरवलं होतं. तो घोटही मी पिऊन टाकला.

अंगणात टेम्पोचं इंजिन चालू होतं. फाळका उघडलेला. आमचे हे घड्याळाकडे बघत होते. त्यांनी पेला घेतला, उपडा केला. काहीच पडलं नाही.

"रिकामा," ते म्हणाले. त्यांना आनंद झाला नव्हता, तेवढं मी ओळखते.

"मी प्यायले," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं. तहान लागली होती. तुमच्या बहिणीने अर्धं गाव फिरवलंय मला."

"आणि ताईची पाठ?"

"घाम."

हॉटेलवाला हसला. पण वन्सं, अडतीस वर्षांत चुकीचं माप कधी न सांगितलेली ती बाई, माझ्या खोटेपणावर गप्प बसणार होती होय? "सांडलं," त्या म्हणाल्या. "गाडीने नाही सांडलं, हसून सांडलं. पण सांडलं." आणि टाकीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला इतका राग आला! अहो, जिथे खोटं बोलायचं तिथे तरी बोला!

मग राग गिळून मी तेच केलं जे त्या कपबशीच्या वेळी केलं होतं. आत गेले, पेला पुन्हा काठोकाठ भरून आणला आणि टेबलावर न ठेवता सरळ वन्संच्या हातात दिला. त्यांना कळलं. त्यांनी एकाच हाताने पेला धरला, उजव्या, आणि हात लांब करून भावासमोर नेला.

यांनीही तो वाजणारा कप नंतर बघितला होता. सगळे त्या पाण्याकडे बघत राहिलो, टेम्पोवालासुद्धा. पाणी काठावर फुगून उभं होतं. हललं नाही.

"घे," वन्सं म्हणाल्या.

यांनी पेला घेतला आणि निम्मं पाणी स्वतःच्या शर्टावर सांडलं. 

"टेम्पो बंद करा," ते हॉटेलवाल्याला म्हणाले. "गाडी नाही मिळणार. गाडीची जुनी स्प्रिंग आहे कोपऱ्यात, तिच्यावर लावा दिवा."

तो खरंच घेऊन गेला. वन्संनी चष्मा लावला, मापाचा चिमटा काढला आणि टाकीच्या डाव्या गालाशी उकिडव्या बसल्या.

"मोजा, मोजा," मी म्हटलं. "आता आठवलं डावं-उजवं!"

"तू सांगितलं होतंस," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "चुकलं माझं."

अडतीस वर्षांत काट्याने कबूल केलेली पहिली चूक! मी कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं, आणि पदर खोचून सरळ न्हाव्याकडे निघाले.