पोराच्या कॉम्प्युटरात पाणी भरलं तेव्हा

बायको गेल्यावर घरात दोन माणसं राहिली, मी आणि पोरगा, आणि बोलणं संपलं. भांडण नव्हतं. आमचं दोघांचं बोलणं आधीपासून तिच्यामार्फतच चालायचं, हे ती गेल्यावर कळलं. मी तिला सांगायचो, त्याला म्हणावं, गाडीचं सर्व्हिसिंग राहिलंय. तो सांगायचा, अण्णांना म्हणावं, बीपीची गोळी घ्या. असं इकडचं तिकडं ती करायची. मधलं माणूस उठून गेलं आणि दोन्ही बाजूंना आम्ही तसेच बसून राहिलो.

पोरगा तिशीचा आहे, लग्न केलेलं नाही, हिंजवडीला कंपनीत आहे. आठवड्यातून दोन दिवस जातो, बाकी घरूनच. संध्याकाळी काम संपलं की दार लावून, कानाला मोठे हेडफोन लावून गेम खेळायचा. एकटा नाही. कुठली कुठली पोरं तिकडून बोलायची, एक इंदूरचा होता, आणि हा त्यांच्याशी हिंदीत खदखदून हसायचा. मी बाहेर सोफ्यावर टीव्हीचा आवाज बंद करून ते हसणं ऐकायचो. घरात तेवढंच हसणं होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

एक दिवस पार्सलवाला मोठं खोकं घेऊन आला. मी आणि पोरानं ते उचलून आत आणलं.

"कसलं हे?"

"कॅबिनेट. नवीन कॉम्प्युटर बनवतोय."

"बनवतोय म्हणजे? विकत मिळत नाही?"

"मिळतो. पण मला पाण्याचा करायचाय."

"कसला?"

"पाण्यानं थंड होणारा, अण्णा. आतून पाणी फिरतं."

"विजेच्या वस्तूत पाणी घालणार तू," मी म्हणालो. "एवढं शिकवलं ते यासाठी."

तो चिडला नाही. तिथंच फरशीवर मांडी घालून खोकं फोडलं आणि मला समजावून सांगायला लागला. गेम खेळताना आतले दोन भाग फार तापतात. पंख्यानं भागत नाही. म्हणून त्यांच्यावर तांब्याचे ठोकळे बसवायचे, ठोकळ्यातून पाणी फिरवायचं, ते गरम पाणी रेडिएटरमध्ये न्यायचं, तिथं गार करून परत आणायचं. मध्ये एक छोटा पंप आणि पाण्याची एक नळकांड्यासारखी टाकी. मी सातवी शिकलेला माणूस, भोसरीच्या शेडमध्ये आणि पुढं चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला फिटर होतो. लेथवर काम गार ठेवायला कूलंट फिरतं तसंच हे, एवढं मला कळलं. बाकीचं कळलं नाही, पण मी मान हलवत राहिलो, कारण तो बोलत होता. ती गेल्यापासून एवढा वेळ तो माझ्याशी बोललेला नव्हता.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट दिसायला लागली. हे काम चालू आहे तोवर पोरगा माझ्याशी बोलेल. काम संपलं की दार लावून घेईल. लोकांना काम लवकर उरकावं असं वाटतं. मला वाटायला लागलं की हे लांबावं.

आणि लांबलं पण बऱ्यापैकी. एक पार्सल चुकीचं आलं, ते परत पाठवलं. रेडिएटर वर बसवायचा की पुढं, यावर त्यानं पुठ्ठ्याचे तुकडे कापून आत लावून बघितले. मला विचारायचा, "कसं वाटतंय?" मी म्हणायचो, "वर लाव. गरम वरच जातं." तो म्हणायचा, "पाणी फिरत असताना काही फरक पडत नाही." मग दोन दिवसांनी त्यानं वरच लावला, आणि कारण वेगळंच सांगितलं.

माझी थोरली बहीण बार्शीला असते. तिचा फोन आला तेव्हा मी पाइप धरून बसलो होतो.

"काय करतोयस?"

"पोराचा कॉम्प्युटर जोडतोय, आक्का. पाण्याचा."

"पाण्याचा कसला आलाय? कूलर हाय का त्यो?"

"तसंच समज."

"तीस वर्साचा घोडा झालाय, त्याच्या लग्नाचं बघायचं सोडून तू त्याला पाना दे. शोभतंय तुला."

फोन स्पीकरवर होता. पोरगा खाली बघून गालात हसला. मी आक्काला म्हणालो, "पाना पण घेऊ देत नाही मला तो." ते खरं होतं. मी आयुष्यभर पाइप जोडले ते आधी टेफ्लॉन टेप गुंडाळून, मग पान्यानं आवळून आणि वर अर्धा आटा जास्त देऊन. इथं जोडाच्या आत रबरी रिंग असते, टेप लागत नाही आणि हातानंच आवळायचं. पान्यानं आवळलं तर टाकीचं तोंड तडकतं. माझ्या हातातला पाना त्यानं काढून घेतला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, लहान पोराच्या हातातली सुरी काढून घेतात तसा.

पाइप काचेसारखे दिसायचे पण प्लास्टिकचे होते. गरम हवेच्या गननं मऊ करून वाकवायचे. आत रबराची दोरी घालायची म्हणजे पाइप चेपत नाही. मी एक वाकवायला घेतला, तो वाकडातिकडा झाला. त्यानं वाकवले त्यातले पण चार फुकट गेले. फुकट गेलेला पाइप बघून तो शिवी हासडायचा आणि मग माझ्याकडं बघून जीभ चावायचा. मी म्हणायचो, "दे की शिवी. तुझी आई नाही आता ऐकायला." मग गनचा आवाज तेवढा चालू राहायचा.

शेवटी सगळं जोडून झालं आणि पाणी भरायची वेळ आली. हे पाणी बाटलीतून येतं, गंज आणि शेवाळ धरू नये म्हणून त्यात औषध असतं. पोरानं ते टाकीत ओतलं. झाकण लावणार तेवढ्यात मी म्हणालो, "थांब जरा."

आमच्या देवघरात गंगाजलाची बाटली असते. कोणी काशीला जाऊन आलं की गंगेच्या पाण्याचा सीलबंद गडू आणतं, आमची ही तो फोडून बाटलीत भरून ठेवायची. घरात नवीन वस्तू आली की तुळशीच्या पानानं तीनदा गंगाजल. फ्रिजवर, मिक्सरवर, माझ्या मोटारसायकलवर. त्यात तिचा एक नियम होता. वस्तू पाण्याची नसेल तर वरून शिंपडायचं, पाण्याची असेल तर आत टाकायचं. वॉशिंग मशीन आलं तेव्हा आत टाकलं, कूलर आला तेव्हा टाकीत टाकलं. पाण्याच्या फिल्टरमध्ये पण टाकलं होतं, तो बसवणारा माणूस नको नको म्हणत होता तरी.

ती गेल्यानंतर घरात आलेली ही पहिली नवीन वस्तू. आणि पाण्याची. मी बाटली आणली, कुंडीतलं तुळशीचं पान आणलं. पोरानं बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता नाही म्हणेल. पण तो झाकण हातात धरून बाजूला झाला. मी तीनदा पानानं आत पाणी सोडलं. मग त्यानं झाकण लावलं.

मग गळती बघायची होती. कॉम्प्युटर बंद ठेवून नुसता पंप चालवायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा, आणि दिवसभर बघायचं कुठला ओला होतोय का. रविवार होता. मी त्याच्या खोलीत पलंगावर बसलो, तो खुर्चीवर. दोघं जण कोरड्या कागदांकडं बघत बसलो. जेवण तिथंच आणलं. त्या खोलीत मी कधी एवढा वेळ बसलो नव्हतो.

दुपारी तो म्हणाला, "आई बसायची इथं."

"कुठं?"

"तुम्ही बसलाय तिथंच. तुम्ही सेकंड शिफ्टला असायचात तेव्हा. मी खेळताना बघायची."

"तिला काय कळायचं त्यातलं?"

"काही नाही. कोणी मेलं की विचारायची, हा आपला होता का त्यांचा." मग तो म्हणाला, "एकदा मला म्हणाली, त्या बाईला मारू नको, तिच्या हातात काही नाहीये. मी नाही मारलं. मग त्या बाईनंच मला मागून मारलं. आई म्हणाली, जाऊ दे."

मी हसलो. पण मला बरं नाही वाटलं. मी चाकणला मशिनींमध्ये डोकं घालून असायचो आणि ही इथं बसून पोराच्या गेममधल्या बायांची काळजी करायची. मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं नसेल. बायको गेल्यावर तिच्याबद्दल काही नवीन कळेल असं मला वाटलं नव्हतं, आणि कळलं ते असं, टिश्यू पेपरकडं बघत.

कुठलाच कागद ओला झाला नाही. संध्याकाळी पोरानं बटण दाबलं. आत निळा उजेड पडला, पंखे फिरले, पाणी फिरायला लागलं. दिसायला चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पोरानं फोटो काढले, त्या इंदूरवाल्याला पाठवले.

दुसऱ्या दिवसापासून दार लागलं. मला माहीत होतं तसंच. "जेवलास?" "हो." मी परत सोफ्यावर. फरक एवढाच की आता आतलं हसणं ऐकताना मला ती खोली आतून माहीत होती. टाकी कुठं आहे, पाइप कुठून वळतो, ही कुठं बसायची. आधी मी नुसता बाहेर होतो. आता मला बाहेर ठेवल्यासारखं वाटायला लागलं.

महिना-दीड महिना गेला असेल. एका संध्याकाळी दार उघडलं आणि पोरगा म्हणाला, "अण्णा, जरा आत येता का?"

टाकीतलं पाणी गढूळ झालं होतं. पाइपच्या वळणावर पांढरट तारा लोंबत होत्या, शेवाळासारख्या. त्यानं थोडं पाणी ग्लासात काढलं होतं. मी वास घेतला. कंपनीत रविवारची सुट्टी झाली की सोमवारी लेथच्या टाकीतलं कूलंट तसं वास मारायचं, थांबलेलं, नासलेलं.

"नासलंय," मी म्हणालो. "ते गंगाजलच ना?"

"हो. त्यात जीव असतात बारीक. ते वाढतात. औषध तेवढं पुरत नाही."

"हे तुला आज कळलं?"

तो ग्लास फिरवत राहिला. "तेव्हापण माहीत होतं."

"मग झाकण हातात धरून उभा का राहिलास? बोलला का नाहीस?"

"तुम्ही तिच्यासारखंच टाकत होतात," तो म्हणाला. "पान पण तसंच धरलं होतंत. मी काय बोलणार?"

मी त्याच्या हातातला ग्लास घेतला आणि बेसिनमध्ये ओतून आलो.

पुढचे दोन शनिवार-रविवार आम्ही ते मशीन उघडून धुतलं. प्रत्येक ठोकळा खोलून जुन्या दातांच्या ब्रशनं घासला. पाइप परत लावले. पोरगा बोलत होता, हसत होता, आक्काची नक्कल करत होता. मला सगळं परत मिळालं होतं आणि मी मनातून दिवस मोजत होतो, कारण हे पण संपणार होतं. रेडिएटर खळखळून धुताना मला एकदा वाटून गेलं की देवघरातली बाटली अजून अर्धी आहे. दोन थेंब, आणि दीड महिन्यानं हा परत दार उघडून मला आत बोलावेल. खरंच वाटलं. पण मग पोराला दर वेळी आपल्या हातानं घाण धुवायला लावायची आणि त्याच्याशी बोलायला मिळतं म्हणून खूश व्हायचं, हे माझ्यासारख्याला पण पटलं नाही.

नवीन पाणी भरायच्या वेळी त्यानं झाकण काढून माझ्याकडं बघितलं. वाट बघत होता. मी नुसता मागं झालो आणि म्हणालो, "लाव झाकण."

मशीन चालू झालं. पाणी स्वच्छ. पोरानं हेडफोन उचलला आणि मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. पुढं सोफा होता. मला तिकडं जायचं नव्हतं.

"मला तुझ्या मशीनचं काही नाही," मी म्हणालो. "ते बिघडो नाहीतर चालो. मला तुझ्याशी बोलायचं असतं."

त्यानं हेडफोन हातातच ठेवला. "काय बोलायचंय?"

"ते मला माहीत नाही. आपलं बोलणं तुझी आई करायची. मला जमत नाही ते."

त्यानं स्क्रीनकडं बघितलं. हेडफोनमधून बारीक आवाज येत होता, कोणीतरी त्याला हाका मारत होतं. मग म्हणाला, "मलापण नाही जमत, अण्णा."

"मग खाली चहा प्यायला चल."

"घरात चहा आहे की."

"घरात नको."

तो आला. सोसायटीच्या गेटबाहेर टपरी आहे, समोरून चाकणकडं जाणारे कंटेनर जातात, एक गेला की दुसरा, त्यामुळं तसंही ऐकू येत नाही. आम्ही बाकावर बसलो. मी कंटेनर बघत होतो, तो मोबाइलकडं. मोबाइल त्यानं एकदा खिशात ठेवला, परत काढला. मी म्हणालो, साखर जास्त आहे. तो म्हणाला, हो.  तिच्याबद्दल बोलावं असं दोघांच्या मनात असेल, पण टपरीवर कसं बोलायचं. चहा संपला. दोघं परत वर आलो.

लिफ्टमध्ये मी विचारलं, "उद्या येशील?"

"उद्या ऑफिस आहे."

"मग परवा."

"बघू," तो म्हणाला, आणि दाराची किल्ली काढायला खिशात हात घातला.