निळा दिवा कोणी लावला

आमच्या प्रयोगशाळेत काका बावीस वर्षं काचसामान धूत होते. पेशी वाढवायच्या खोलीची चावी त्यांच्याकडेच असायची. सकाळी ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत आणि मला खबर देत, "मॅडम, लेकरं खाऊनपिऊन सुखी आहेत." पदव्या माझ्याकडे होत्या, पण पेशींची नाडी काकांना कळायची. तेव्हा मी हे कबूल केलं नसतं. राग सदा नाकाच्या शेंड्यावर आणि डोक्यात फक्त प्रबंध.

एका सकाळी पाहते तर पेशी वाढायच्या थांबल्या होत्या. आदल्या दिवसापेक्षा एकही जास्त नाही, उलट काही मरून तरंगत होत्या. पेशी ठेवायच्या उबदार कपाटाचं दार काकांनीच उघडं टाकलं असणार, असं मी ठरवून टाकलं आणि सगळ्यांसमोर त्यांना फैलावर घेतलं. साहेबांनी चावी काढून घेतली. निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाला तळघरातल्या गोदामात खोकी रचायला पाठवलं.

त्याच दुपारी मी त्या पेशींना रंग देऊन पाहिलं. डीएनएला इजा झाली की पेशीतली राखणदार प्रथिनं तिथे धावतात, विभाजन थांबवतात आणि दुरुस्तीला लागतात. दुरुस्ती हाताबाहेर गेली तर पेशी स्वतःला संपवते. प्रथिनं गोळा होतात तिथे रंगाचे ठिपके उमटतात. माझ्या पेशी ठिपक्यांनी भरल्या होत्या. गारठ्याने असं होत नाही. अशी नासधूस करणारी वस्तू आमच्या खोलीत एकच, काम संपल्यावर जंतू मारायला लावतात तो अतिनील किरणांचा निळा दिवा. आदल्या संध्याकाळी पेशींच्या बशीचं झाकण काढलेलं असताना आईचा फोन आला होता. उठताना सवयीने माझा हात त्या बटणाकडे गेला असणार. परतले तेव्हा दिवा बंदच होता, म्हणून शंकाही आली नाही.

सगळं उमगलं आणि मी मूग गिळून बसले. प्रबंध हातावेगळा होऊ दे, मग सांगू, असं म्हणत चार महिने ढकलले. जिन्यात काका दिसले की मी मोबाइलमध्ये डोकं खुपसायची. बिघाड कळताच पेशीसुद्धा हातातलं काम थांबवते. मी तेवढंही केलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

काका निवृत्त झाले, प्रबंध मान्य झाला. मग साहेबांना खरं सांगून मी काकांच्या घरी गेले. सुनेने पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "काका, चूक माझी होती. दिवा मी लावला होता."

"ठाऊक आहे. बंद मीच केला ना. तुम्ही बाहेर फोनवर होतात. अर्धं मिनिट चालला असेल, म्हणून थोड्या तरी जगल्या."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही पेशी बघायच्या आधी, तेच सांगायला तुमच्या टेबलाशी आलो होतो. तुम्ही म्हणालात, बाटल्या धुणाऱ्याने बाटल्या धुवाव्यात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी तसं बोलले असणार यात शंका नाही. पण मला ते आठवतही नव्हतं.